परगावचा रविवार



शनिवारी सकाळी मुंबईहून सुटणारी उद्यान एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, कलबुर्गी, रायचूर, गुंतकल अशी मजल मारीत रविवारी सकाळी बंगळूरला पोहोचते. या शहराचे नाव २०१४ साली अधिकृतपणे बेंगळूरु झाले. आपण मराठी माणसे मात्र पूर्वीपासून त्याला बंगळूरच म्हणत आलो आहोत. गाडी फलाटाला लागते त्या सुमारास इकडे आपापल्या गावी उपासनेची घंटा वाजत असते. आपण मात्र सामान मोजण्यात, रिक्षा ठरविण्यात आणि उतरण्याची जागा शोधण्यात गुंतलेले असतो. तो रविवार असाच निघून जातो आणि त्याबद्दल आपल्याला फारसे काही वाटतही नाही. प्रवास म्हटला की एवढे चालायचेच, असे आपण म्हणतो.

आपल्यातील कितीतरी जण आज या ना त्या निमित्ताने बंगळूरला जातात. कोणी नोकरीच्या मुलाखतीला, कोणी प्रशिक्षणाला, कोणी तेथे स्थायिक झालेल्या मुलाच्या घरी नातवंडांना सांभाळायला, तर कोणी रुग्णाला घेऊन इस्पितळात. मुक्काम कधी चार दिवसांचा असतो, कधी चार महिन्यांचा. अशा मुक्कामात प्रभूच्या दिवसाचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. तो तितका लहान नाही, हे मला माझ्याच एका चुकीने शिकविले. ती चूक आपल्यापुढे मांडतो आणि मग प्रश्नाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेसाठी मी बंगळूरला पाच आठवडे राहिलो. पहिला रविवार शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आला. त्या दिवशी त्याच्या उशाशी बसण्यावाचून दुसरे कर्तव्य नव्हते. दुसऱ्या रविवारी सकाळपासून भावजय त्याच्याजवळ होती आणि मी दुपारपर्यंत मोकळा होतो. मी उशिरा उठलो, कपडे धुतले, वर्तमानपत्र वाचले. तिसऱ्या रविवारीही मोकळाच होतो. त्या दिवशी लालबाग पाहून आलो. संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. भावाची विचारपूस झाल्यावर तिने विचारले, "उपासनेला गेला होतास का रे?"

मी म्हणालो, "हो, गेलो होतो."

"संदेश कशावर होता?"

"तेविसाव्या स्तोत्रावर."

एक खोटे झाकायला दुसरे आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटे बोललो याचे वाईट वाटत होतेच. पण त्याहून अधिक एक विचार बोचत होता. दोन रविवार उपासना चुकली तेव्हा मला देवाचे भय वाटले नाही, आईने विचारताच मात्र वाटले. मग गेली तीस वर्षे आमच्या मंदिरात डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर मी नेमका कोणासाठी बसत आलो होतो?

वाचकहो, परगावच्या रविवारचा खरा प्रश्न हाच आहे. गावी असताना आपल्याला अनेक डोळे पाहत असतात. पाळक पाहतात, शेजारच्या बाकावरचे कुटुंब पाहते, आपली मुले पाहतात. एखाद्या रविवारी आपण दिसलो नाही तर सोमवारी कोणीतरी विचारते. बंगळूरसारख्या महानगरात असे कोणी नसते. आपण मंदिरात गेलो तर कोणी ओळखत नाही आणि गेलो नाही तर कोणाच्या लक्षात येत नाही. साक्षीदार नसताना माणूस जे करतो त्यावरून त्याची पारख होते, असे आपण म्हणतो. त्या पारखीला मी उतरलो नव्हतो.

यावर कोणी म्हणेल, "लोकांच्या डोळ्यांपायी टिकलेली उपासना ही दांभिकताच, ती सुटली हेच बरे." मला हे पटत नाही. आंब्याचे रोप लावले की आपण त्याला काट्यांचे कुंपण करतो. कुंपणामुळे वाचले म्हणून ते रोप खोटे ठरत नाही. मंडळीची नजर हे असेच कुंपण आहे आणि ती देवाची कृपाच आहे. मात्र कुंपण काढल्यावर गुरांनी रोप ओरबाडले, तर इतक्या वर्षांत त्याचे खोड का झाले नाही, हे माळ्याने स्वतःला विचारले पाहिजे. प्रवास हे कुंपण काही काळापुरते काढून घेतो आणि आपल्याला आपले खोड दाखवितो.

आपल्या मराठी भाषेत याकरिता दोन चांगले शब्द आहेत : सवय आणि नेम. सवय जागेला चिकटलेली असते. तोच रस्ता, तीच घंटा, तोच बाक असला की पाय आपोआप वळतात. जागा बदलली की सवय मोडते. नेम माणसाबरोबर चालतो, कारण तो मनाने धरलेला असतो. शुभवर्तमानकार लूक सांगतो की, प्रभू येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. तो गालीलात गावोगाव फिरत होता, त्याला डोके टेकायला जागा नव्हती. तरी परिपाठ त्याच्याबरोबर होता. पौलाचेही तसेच. फिलिप्पैस तो परका होता. शब्बाथ आला तेव्हा तो वेशीबाहेर नदीकाठी गेला, कारण तेथे प्रार्थनास्थळ असेल असा त्याचा कयास होता. तेथे त्याला लुदिया भेटली. तीही मूळची त्या गावची नव्हे. थुवतीराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. उपासनेची जागा शोधीत निघालेला एक परका आणि उपासनेस बसलेली दुसरी परकी यांच्या भेटीतून फिलिप्पै येथील मंडळी उभी राहिली. पुढे सोर येथे गलबतातून उतरल्यावर पौलाने व त्याच्या सोबत्यांनी तेथील शिष्यांना शोधून काढले आणि त्यांच्याजवळ सात दिवस राहिले. 'शोधून काढले' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. परगावी मंडळी आपल्याकडे चालत येत नाही. ती शोधावी लागते.

"पण देव सर्वत्र आहे, मी खोलीतच प्रार्थना केली तर काय बिघडले?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बायबलचाच आधार आहे. घरातून पळालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन निजला आणि देव त्याला तेथे भेटला. आपल्या नारायण वामन टिळकांच्या जीवनाला वळण मिळाले तेही प्रवासातच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. देवाला भेटायला मंदिराच्या चार भिंतीच लागतात, असे कोणीही म्हणू नये. परंतु याकोबाने सकाळी उठून काय केले ते पाहा. त्याने उशाचा दगड उभा केला, त्यावर तेल ओतले आणि त्या जागेला नाव दिले. टिळकांनी तो नवा करार वाचून बाजूला ठेवला नाही. ते मंडळीत आले. देवाची एकांतातील भेट खरी असेल तर ती माणसाला मंडळीकडे आणते. शिवाय उपासना म्हणजे केवळ काही मिळविणे नव्हे. आपण तेथे बसतो तेव्हा शेजारी बसलेल्याच्या प्रार्थनेला आपले 'आमेन' मिळते. खोलीत बसून ते आपण कोणाला देणार? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र मिळणे सोडू नका असे बजावले आहे, आणि त्याच ठिकाणी एकमेकांना उत्तेजन देण्याविषयीही सांगितले आहे. त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

दुसरा आक्षेप भाषेचा. बंगळूरला इंग्रजी उपासना पुष्कळ आहेत. महात्मा गांधी रस्त्यावरील १८०८ साली स्थापन झालेल्या सेंट मार्क्स कॅथीड्रलमध्ये इंग्रजी उपासना होते. शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकेत, जिची आजची वास्तू १८८२ सालची आहे, कन्नड, तमिळ आणि इंग्रजी या भाषांत मिस्सा होते. तरीही ज्याला इंग्रजी सहज येत नाही त्याने काय करावे? न समजणाऱ्या भाषेत बोललेले मंडळीच्या उन्नतीस उपयोगी पडत नाही, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेच आहे. मात्र पौलाचा तो बोध बोलणाऱ्याला आहे, ऐकणाऱ्याला दोष देण्यासाठी नाही. आणि कन्नड ही काही अर्थ न लागणारी वाणी नव्हे. ती आपल्या शेजाऱ्याची मातृभाषा आहे.

चौथ्या रविवारी मी मुद्दाम एका कन्नड उपासनेला गेलो. प्रथम काही कळेना. मग हळूहळू ओळखीचे शब्द कानांवर पडू लागले. आपल्या प्रार्थनेला तेथे 'प्रार्थने' म्हणतात, सुवार्तेला 'सुवार्ते', मंडळीला 'सभे'. पवित्र आत्म्याचे नाव तर जवळजवळ आपलेच. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा एकही वाक्य नीट न कळता मी तिच्या चालीवरून कोठे आलो आहोत हे ओळखले आणि मराठीत तीच प्रार्थना मनात म्हणत शेवटच्या 'आमेन'ला सर्वांबरोबर पोहोचलो. संदेश मला समजला नाही, हे खरे. परंतु मला संदेश न समजतानाही त्या लोकांनी आपल्यात बसवून घेतले, हे मला पुरते समजले.

उपासना संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. "याव ऊरु?" त्यांनी विचारले. कन्नडमध्ये ऊरु म्हणजे गाव. कोठले तुम्ही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी मराठी माणूस. मला 'ऊर' तेवढा ऐकू आला आणि तो खरोखरच भरून आला. तीन आठवड्यांत इस्पितळाच्या कागदांवर सही घेण्यापलीकडे कोणी मला माझे गाव विचारले नव्हते. मोडक्या हिंदीत मी भावाची हकिकत सांगितली. त्यांनी मला पाळकांकडे नेले. पाळकांनी भावाचे नाव विचारून घेतले आणि तेथेच उभ्याउभ्या प्रार्थना केली. बुधवारी संध्याकाळी ते गृहस्थ आपल्या पत्नीसह शहाळी घेऊन इस्पितळात आले. भावाला कन्नड चांगले येते; तो कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलला. मी मागचे दोन रविवार घरी बसून घालविले होते. माझ्या भावाचीही ही सोबत त्यामुळे दोन आठवडे लांबली होती, हे मला तेव्हा दिसले. आपली उपासना चुकते तेव्हा तोटा आपल्या एकट्याचाच होतो असे नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. "आपले चर्च तेथे नाही" अशी सबब अनेकदा ऐकू येते. आपल्यापैकी जे उत्तर भारतीय मंडळीचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, सभासद आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की, २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे स्थापन झालेली चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपूर येथे स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांच्यात पूर्ण सहभागिता आहे. नगर-सोलापूरच्या सभासदाला बंगळूरच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या मेजाशी परके वाटण्याचे कारण नाही. कॅथोलिक बंधुभगिनींसाठी १९८३ सालच्या विधिसंहितेचा १२४८ वा नियम स्पष्ट आहे : कॅथोलिक विधीनुसार मिस्सा जेथे कोठे साजरी होते तेथे, त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी सहभागी झाल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. गाव, भाषा, धर्मग्राम यांची अट त्यात नाही. रविवारी सकाळची गाडी पकडायची असेल त्याला शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवली आहे.

त्याच नियमाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. धर्मगुरू नसल्यामुळे अथवा इतर गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणे अशक्य असेल तर शब्दविधीत भाग घ्यावा, अथवा एकट्याने किंवा कुटुंबासह योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, असे तो सुचवितो. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, ही प्रभूची शिकवण येथे जागी आहे. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या मातेने, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने, गाडी चालविणाऱ्या चालकाने स्वतःला अपराधी मानू नये. माझा पहिला रविवार चुकला नव्हता. तो इस्पितळात साजरा झाला. चुकले ते दुसरा आणि तिसरा. 'जाता आले नाही' आणि 'गेलो नाही' यांतील भेद बाहेरून कोणाला दिसत नाही. तो आपला आपणच प्रामाणिकपणे ओळखावा लागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उपासना मोबाइलच्या पडद्यावर आली. त्या काळात या सोयीने आपल्याला सावरले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. आज बंगळूरच्या खोलीत बसून पुण्याच्या मंदिरातील उपासना पाहता येते. ही उपासना होय की नव्हे? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर सर्वांना एकच देता येणार नाही. जो खाटेवर आहे, किंवा ज्याला खाट सोडून जाता येत नाही, त्याच्यासाठी ती खरोखर भाकर आहे. परंतु ज्याला दहा मिनिटे चालून मंदिरात जाता येते, त्याच्यासाठी तोच पडदा भिंत होऊ शकतो. पाय बंगळूरला आणि मन पुण्यात, अशा स्थितीत तो कोठेच हजर नसतो. पडद्यावरच्या पाळकांना आपल्या डोळ्यांतील पाणी दिसत नाही आणि पडद्यातून कोणी आपले गाव विचारीत नाही.

येथवर प्रवाशाचे कर्तव्य सांगितले. जे आज आपल्या गावी सुखाने आपल्या बाकावर बसले आहेत त्यांचेही एक कर्तव्य आहे. इ. स. १५५ च्या सुमारास हुतात्मा जस्टिन याने ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. त्यात तो सांगतो की, जे हजर नसतील त्यांच्याकडे प्रभुभोजनाचा वाटा सेवकांच्या हाती पाठविला जाई आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी व कैदी यांच्याबरोबरच त्या गावी आलेल्या परक्यांचीही काळजी घेतली जाई. म्हणजे परका मनुष्य हा त्या उपासनेचा भागच होता.

आपल्या मंडळ्यांत काय चालते? झारखंड, ओडिशा, ईशान्य भारत येथून पोटासाठी आलेली ख्रिस्ती मुले-मुली पुण्या-मुंबईत, नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला शेवटच्या बाकावर येऊन बसतात. मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळते. उपासना संपली की आपण आपल्या ओळखीच्या घोळक्यात गप्पा मारीत उभे राहतो आणि ती फाटकातून निघून जातात. बंगळूरहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी शेवटच्या बाकाकडे वळून पाहिले. तेथे दोन तरुण बसले होते. ते किती महिन्यांपासून येत होते, कोण जाणे. मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून काही सूचना नम्रपणे करतो. परगावी निघताना तिकिटाबरोबरच तेथील जवळच्या मंदिराचा पत्ता व उपासनेची वेळ पाहून ठेवावी. मुक्काम मोठा असेल तर आपल्या पाळकांकडून किंवा धर्मगुरूंकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे. रोमकरांस लिहिताना पौलाने फैबीसाठी अशीच शिफारस केली होती आणि तिला लागेल ते साहाय्य करण्यास सांगितले होते. पत्र हाती असले की संकोच कमी होतो आणि जाण्याचे बंधनही राहते. कुंपणाचा एक काटा आपण बरोबर नेतो म्हणा ना. तेथे गेल्यावर उपासना संपताच निघून न जाता पाच मिनिटे थांबावे, कारण विचारपूस करणाऱ्यालाही आपल्याजवळ यायला वेळ लागतो. आणि गावी असताना, परका चेहरा दिसला की आपण होऊन त्याचे गाव विचारावे.

शेवटी आईविषयी सांगायचे राहिले. चौथ्या रविवारी संध्याकाळी मी स्वतःच तिला फोन केला आणि मागच्या रविवारी खोटे बोललो हे सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तेविसावं स्तोत्र मी त्या रात्री पुन्हा काढून वाचलं होतं. म्हटलं, तिकडं तुम्ही दोघांनी ऐकलं, इकडं आपणही वाचावं."

तिने मला रागे भरले नाही. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तिने खरी उपासना केली होती. मी बंगळूरला जे सोडून दिले ते तिने गावी बसून आमच्या दोघांसाठी धरून ठेवले होते. पाचव्या रविवारी मी पुन्हा त्याच कन्नड मंडळीत गेलो. या खेपेला मला कोणी विचारणारे होते. पण कोणी विचारले नसते तरी मी गेलो असतो, असे आज मला वाटते. खात्रीने सांगायचे तर पुढच्या प्रवासाची वाट पाहिली पाहिजे.

वाचकहो, आपणही कधी ना कधी घराला कुलूप लावून दूरच्या गावी जाल. प्रभूचा दिवस तेथेही उजाडेल आणि आपल्याला न ओळखणारी, पण आपलीच असलेली माणसे तेथेही एकत्र जमतील. त्यांच्यात जाऊन बसण्याचे बळ प्रभू आपणा सर्वांना देवो, आणि आपल्या शेवटच्या बाकावर येऊन बसणाऱ्याला ओळखण्याची दृष्टीही देवो. आमेन.